दुर्बिणीचा नेम

बंदुकीपेक्षां तिच्या पाठीवर बसविलेल्या दुर्बिणीची किंमत अधिक असावी, हें प्रथमदर्शनीं विचित्र वाटतें. घोड्याहून खोगीर महाग, अशांतलाच हा प्रकार. परंतु युरोप-अमेरिकेंतील लांब पल्ल्याचा नेमबाज हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करीत असतो. आणि त्याच्या या हिशेबामागें पावणेचारशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे. उत्तम दुर्बीण कोणती, हा प्रश्न दुकानांत विचारला जातो. त्याचें खरें उत्तर मात्र या इतिहासांत सांपडतें.

साध्या बंदुकीनें नेम धरतांना डोळ्याला तीन वस्तु एका रेषेंत आणाव्या लागतात : मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि दूरचें लक्ष्य. या तिन्ही वस्तु निरनिराळ्या अंतरांवर असतात आणि मनुष्याचा डोळा एका वेळीं एकच अंतर स्पष्ट पाहूं शकतो. माशी स्पष्ट दिसली कीं लक्ष्य पुसट होतें, लक्ष्यावर दृष्टि ठरली कीं माशी विरून जाते. तारुण्यांत डोळा ही धांवपळ सहन करतो. चाळिशी उलटली कीं तो हार खातो. लक्ष्य आणि खूण हीं दोन्ही एकाच पडद्यावर आणतां आलीं तर ही अडचण मुळांतूनच नाहींशी होईल. दुर्बिणीचा खरा उपकार हाच आहे. वस्तु मोठी दिसणें हा दुसरा लाभ होय.

हा पडदा मिळाला तो आकाशाकडे पाहणाऱ्यांना. गॅलिलिओच्या दुर्बिणींत डोळ्याकडील भिंग अंतर्गोल होतें, त्यामुळें नळीच्या आंत प्रतिमा कोठेंच उमटत नसे. १६११ मध्यें केप्लरनें दोन बहिर्गोल भिंगांची रचना सुचविली, आणि तींत प्रतिमा नळीच्या पोटांतच तयार होऊं लागली. १६४० च्या सुमारास इंग्लंडांत लीड्सजवळ राहणारा विल्यम गॅस्कॉइन हा तरुण ज्योतिषी आपल्या दुर्बिणींत डोकावला, तों आंत एका कोळ्यानें ताणलेला धागा त्यास दिसला. तो धागा नेमका प्रतिमेच्या जागीं होता, म्हणून दूरच्या वस्तूइतकाच तोही स्पष्ट दिसत होता. गॅस्कॉइननें त्यांतलें मर्म ओळखलें आणि कोन मोजण्याच्या उपकरणांत अशा खुणांचा उपयोग केला. दुर्दैवानें १६४४ सालीं मार्स्टन मूरच्या लढाईंत राजपक्षाकडून लढतांना तो मारला गेला. त्याची युक्ति पुढें ज्योतिषी आणि भूमापक यांच्या हातीं दीर्घकाळ राहिली. बंदुकीपर्यंत ती पोहोंचावयास दोन शतकें लागलीं.

ही दिरंगाई अकारण नव्हती. दुर्बीण नाजूक आणि बंदुकीचा धक्का दांडगा. ज्या काळीं बंदुकीची गोळीच शंभर यार्डांपलीकडे भरंवशाची नव्हती, त्या काळीं दूरचें पाहून उपयोग तरी काय? नळींत पीळ पाडलेल्या रायफली सुधारल्या, तेव्हां कोठें डोळा अपुरा पडूं लागला. १८४८ सालीं अमेरिकेंत जॉन रॅटक्लिफ चॅपमन यानें रायफलीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत न्यूयॉर्क संस्थानांतील युटिका येथील मॉर्गन जेम्स या कारागिराच्या दुर्बिणींचें वर्णन आहे. त्या दुर्बिणी बारीक आणि लांबलचक असत. १८५५ पासून सिरॅक्यूज गांवच्या विल्यम माल्कमनें रंगदोष घालविणारीं जोडभिंगें वापरून त्यांत पुष्कळ सुधारणा केली.

या कथेंत मुंबईचेंही नांव येतें. मुंबई इलाख्याच्या सैन्यांतील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांनीं बंदुकीवर दुर्बीण बसविण्याचे प्रयोग हिंदुस्थानांत शिकारीच्या निमित्तानें केले, आणि पुढें इंग्लंडांत त्यांची दुर्बीण व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगास बसविली जाऊं लागली. व्हिटवर्थच्या नळीचें पोट षट्कोनी असे आणि तिचा नेम विलक्षण होता. १८६० सालीं विंबल्डनच्या मैदानावर व्हिक्टोरिया राणीनें पहिला बार काढला तो याच रायफलीनें, ४०० यार्डांवरून; आणि तो लक्ष्याच्या मध्याजवळ लागला.

परंतु मैदानावरचें कौतुक रणांगणांत शिरावयास वेळ लागत नाहीं. अमेरिकन यादवींत दक्षिणेच्या निवडक नेमबाजांच्या हातीं डेव्हिडसनची दुर्बीण लावलेल्या कांहीं व्हिटवर्थ रायफली पडल्या. ९ मे १८६४ रोजीं स्पॉट्सिल्व्हेनिया येथें उत्तरेचा सेनापति जॉन सेज्विक, गोळ्यांना भिऊन वांकणाऱ्या आपल्या शिपायांची थट्टा करीत असतांनाच, दूरवरून आलेल्या गोळीनें ठार झाला. ती गोळी व्हिटवर्थची असावी असें परंपरेनें मानलें जातें. अंतर हें आतां संरक्षण राहिलें नाहीं, हा धडा त्या दिवशीं जगाला मिळाला.

पुढचा अध्याय कांचेचा आहे. १८८४ सालीं जर्मनींत येना येथें ओटो शॉट यानें एर्न्स्ट आबे आणि झाइस पितापुत्र यांच्यासह कांचेचा कारखाना काढला, आणि हव्या त्या गुणधर्माची कांच शास्त्रीय रीतीनें तयार होऊं लागली. तरीही एक चोर दुर्बिणींत दबा धरून होताच. कांचेचा प्रत्येक पृष्ठभाग शेंकडा चार या प्रमाणांत प्रकाश परत फेंकतो. नळींत असे दहा पृष्ठभाग असले तर डोळ्यापर्यंत शेंकडा सहासष्टच प्रकाश पोहोंचतो. उरलेला आंतल्या आंत घोटाळून चित्र धुरकट करतो. १९३५ सालीं झाइसच्या कारखान्यांतील अलेक्झांडर स्माकुला यांनीं भिंगावर अतिशय पातळ लेप देण्याची रीत काढली आणि हा चोर पकडला गेला. आज उत्तम दुर्बिणींतून नव्वद टक्क्यांच्या आसपास प्रकाश पार होतो. दुसरा शत्रु बाष्प. ऑरेगॉन संस्थानांतील मार्कस ल्यूपोल्ड यांचें हरिण भिंगावर वाफ धरल्यामुळें निसटलें, आणि त्या चडफडींतून नळींत नत्रवायु भरून ती बंद करण्याची युक्ति निघाली, अशी गोष्ट सांगतात. त्यांची दुर्बीण १९४७ सालीं बाजारांत आली.

हा इतिहास ध्यानांत घेतला कीं निवड करणाऱ्यानें काय पाहावें हें आपोआप उलगडतें. अडाणी गिऱ्हाइक पहिला प्रश्न विचारतें : किती पट मोठें दिसतें? जाणता मनुष्य पुढच्या भिंगाच्या व्यासास पटीनें भागून पाहतो. छप्पन्न मिलिमीटर भिंग आणि आठ पट, म्हणजे सात मिलिमीटरांचा प्रकाशझोत. अंधारांत विस्फारलेल्या तरुण डोळ्याच्या बाहुलीइतका. म्हणूनच मध्य युरोपांतील सांजवेळीं रानडुकराची वाट पाहणारा शिकारी याच मापावर समाधानी असतो. तेंच भिंग पंचवीस पटीला लावलें तर झोत सव्वादोन मिलिमीटरांवर येतो. चित्र मोठें पण अंधुक, आणि हाताचा कंपही पंचवीस पट.

लांब पल्ल्याच्या नेमबाजाची कसोटी मात्र मळसूत्राची. शंभर यार्डांवर नेम बसविलेली नेहमींची ३०८ जातीची गोळी हजार यार्डांवर तीस फुटांहून अधिक खालीं येते. तितकी दुर्बीण वर चढवावयाची ती बाहेरचें चक्र फिरवून. त्याचा प्रत्येक खटका सामान्यतः पाव कलेचा असतो. अंशाचा साठावा भाग ती कला, आणि हजार यार्डांवर एक कला म्हणजे सुमारें साडेदहा इंच. चाळीस कला वर जाऊन पुन्हा चाळीस कला खालीं येतां, खूण पूर्वीच्याच जागीं न बसली तर सारी महाग कांच व्यर्थ होय. हजारों धक्क्यांनंतरही हें मळसूत्र खोटें बोलूं नये, याचीच किंमत मुख्यतः मोजली जाते. त्याखालोखाल पाहावयाचें तें हें, कीं डोळा किंचित् सरकला असतां खूण लक्ष्यावरून हलते कीं काय. आणि पट बदलली असतां मोजमापाच्या रेघाही त्याच प्रमाणांत बदलतात कीं नाहीं. आणि दुर्बीण धरणारीं कडीं हलकीं असलीं तर वरील सर्व गुण मातींत जातात.

इतकें सर्व मिळविल्यावरही एक गोष्ट विकत मिळत नाहीं. दुर्बीण लक्ष्य जवळ आणते; गोळीचा मार्ग जवळ आणीत नाहीं. वारा, उतार, जनावराचें एक पाऊल, हीं सारीं मूळच्याच अंतरावर राहतात. स्पष्ट दिसलें म्हणजे अचूक लागलेंच, या भ्रमापायीं किती जनावरें जखमी होऊन रानांत तडफडत मेलीं, त्याची गणती कोणी ठेवलेली नाहीं. म्हणून विचारी शिकारी जितकी चांगली दुर्बीण घेतो, तितकीच ती अनेकदां केवळ पाहून खालीं ठेवतो. भारतांत तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचा प्रश्नच बहुतेक मिटविला. येथें रानांत नेलेली दुर्बीण पाहण्यापुरतीच उरली.

आणि नेमाचा अभिमान भिंगावांचून अडत नाहीं. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत नेमासाठीं दुर्बीण चालत नाहीं. बारीक छिद्रांतूनच लक्ष्य साधावें लागतें. १ ऑगस्ट २०२४ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील स्वप्नील कुसाळे यानें फ्रान्समध्यें पन्नास मीटर रायफलीचें कांस्यपदक मिळविलें तें अशाच रायफलीनें. ज्याचा श्वास, बोट आणि मन स्थिर आहे, त्याला उत्तम दुर्बीण दूरचें दाखवील; ज्याचें स्थिर नाहीं, त्याला ती त्याचाच कंप मोठा करून दाखवील.