ओहायो नदीकाठचे रिप्ले : एक गाव व त्यातील मंडळी

ख्रिस्तमंडळीच्या इतिहासात परिषदांचे ठराव व थोर पुरुषांची चरित्रे यांना मोठे स्थान मिळते. ज्या व्यवसायावर गावाची चूल पेटते त्यालाच चिकटलेल्या पापाशी तेथील मंडळी कशी झगडली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या दक्षिण सीमेवरील रिप्ले या गावाचा पूर्वेतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

हे गाव सिनसिनाटीपासून नदीच्या वरच्या अंगाला सुमारे ८० किलोमीटरवर आहे. १७८७ च्या कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेकडील प्रदेशात गुलामगिरीस बंदी झाली. दक्षिण तीरावरील केंटकीत ती चालूच राहिली. उत्तर तीरावरील एक विस्तीर्ण भूभाग स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या व्हर्जिनियाच्या सैनिकांसाठी राखलेला होता. मूळचे व्हर्जिनियाचे कर्नल जेम्स पोग यांनी तेथे १८१२ मध्ये गाव वसविले. त्याचे पहिले नाव स्टाँटन. १८१२ च्या युद्धात नावारूपास आलेल्या जनरल रिप्ले यांच्या गौरवार्थ ते १८१६ मध्ये बदलण्यात आले.

गाव वाढले ते नदीमुळे. परिसरातील शेतकरी मक्यावर डुकरे पोसत. हिवाळ्यात ती कापून मांस मिठात घालीत व पिंपांत भरून सपाट तळाच्या नावांतून मिसिसिपीमार्गे न्यू ऑर्लिन्सकडे धाडीत. गावात नावा, व पुढे आगबोटीही, बांधल्या जाऊ लागल्या. परंतु या मालाचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे दक्षिणेतील मळे, आणि ते मळे गुलामांच्या श्रमावर चालत. अशा रीतीने स्वतंत्र तीरावरील गावाची मिळकत परतंत्र तीराशी बांधली गेली होती. गुलामगिरीविषयी मौन पाळणे अनेक सज्जनांना शहाणपणाचे वाटे, यात नवल नाही.

या गावात १८२२ च्या आरंभी रेव्हरंड जॉन रँकिन हे प्रेसबिटेरियन पाळक आले. त्यांचा जन्म १७९३ मध्ये टेनेसीत झाला. गुलामगिरीविरुद्ध उपदेश करावयाचा असेल तर हे राज्य सोडावे, असे तेथील मंडळीच्या वडिलांनी त्यांना सुनावले होते. रिप्लेत आल्यावर, व्हर्जिनियात राहणाऱ्या आपल्या सख्ख्या भावाने गुलाम विकत घेतल्याचे त्यांना कळले. त्यांनी भावाला उद्देशून जी पत्रे लिहिली ती १८२४ पासून गावच्या वृत्तपत्रात छापली गेली व १८२६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. सर्व मानवजात एकाच रक्ताची आहे, हा पवित्र शास्त्राचा सिद्धान्त त्यांच्या युक्तिवादाच्या मुळाशी होता. पुढे भावाने आपले गुलाम मुक्त केले.

गावामागील टेकडीवर रँकिन यांचे घर होते. पळून आलेल्या गुलामांना तेथे आसरा मिळे आणि मग रात्रीतून उत्तरेकडील पुढच्या घरी पोचविले जाई. या गुप्त साखळीस ‘भूमिगत रेल्वे’ म्हणत, जरी तिला रूळ नव्हते की गाडी नव्हती. १८३८ मध्ये एक माता मूल कवटाळून फुटत्या बर्फावरून नदी ओलांडून आली, अशी रँकिन कुटुंबाची आठवण आहे; हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ च्या कादंबरीतील एलायझा तीच, असे मानले जाते. १८४१ मध्ये या घरावर सशस्त्र हल्लाही झाला.

तथापि रिप्लेचे श्रेय एकट्या पाळकाला देणे न्याय्य ठरणार नाही. जॉन पार्कर हे गुलाम म्हणून जन्मले. आठ वर्षांचे असताना ते विकले गेले. ओतकाम शिकून साठविलेल्या कमाईतून त्यांनी १८४५ मध्ये १८०० डॉलर भरून स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले. रिप्लेत त्यांनी लोखंडाचा ओतकारखाना काढला. रात्री मात्र ते स्वतः केंटकीच्या तीरावर जाऊन लोकांना नावेतून आणीत. १८५० च्या कायद्याने असे साहाय्य करणाऱ्यास जबर दंड व कैद ठरविली होती. गोऱ्या पाळकाला जे गमावण्याची भीती होती त्याहून कितीतरी अधिक पार्कर पणाला लावीत होते. त्यांचे आत्मकथन मात्र ग्रंथरूपाने १९९६ मध्येच प्रसिद्ध झाले.

रँकिन यांनी रिप्लेत ४४ वर्षे सेवा केली. १८४७ मध्ये, गुलाम बाळगणाऱ्यांना सहभागितेत स्थान न देणाऱ्या मुक्त प्रेसबिटेरियन मंडळीच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. ही फूट योग्य होती काय, यावर मतभेद संभवतात. परंतु ज्यांचा माल दक्षिणेत खपे त्याच लोकांसमोर ते रविवारमागून रविवार उभे राहिले, ही गोष्ट निर्विवाद आहे. पुढे लोहमार्गांनी नदीचा व्यापार ओढून नेला. तंबाखूच्या बाजारपेठेवर गाव तगले, पण वाढले नाही. आज तेथील वस्ती दोन हजारांहूनही कमी आहे.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे आपणांस ठाऊक आहे. रिप्लेची ही माणसे त्यांपैकीच होत. आपल्याही मंडळ्यांचे पोट कोठल्या ना कोठल्या व्यवस्थेशी बांधलेले असते. तिच्यातील अन्याय कोणता, आणि त्याचे नाव व्यासपीठावरून कोण घेणार, हा प्रश्न रिप्लेच्या इतिहासातून आपणांपुढे, विशेषतः उपदेशाचे काम सोपविलेल्या सेवकांपुढे, येऊन उभा राहतो.