‘पत्नींना’: पत्नीने न लिहिलेले प्रकरण

एप्रिल १९३९. अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मद्यपींनी परस्परांच्या आधाराने दारू सोडावी, या हेतूने १९३५ साली सुरू झालेल्या चळवळीला तिचे नाव याच पुस्तकाने दिले. त्यातील आठवे प्रकरण मद्यपींच्या पत्नींसाठी आहे आणि ते पत्नींच्याच तोंडून, ‘आम्ही’ असे म्हणत बोलते. नवऱ्यावर संतापू नका, त्याला टोचून बोलू नका, धीर धरा, असा त्याचा एकूण सूर.

हे प्रकरण लिहिले होते एका नवऱ्याने.

चळवळीच्या दोन संस्थापकांपैकी एक असलेले बिल विल्सन हे ते लेखक. त्यांच्या पत्नी लोइस हे प्रकरण लिहायला तयार होत्या. पण साऱ्या पुस्तकाची शैली एकसारखी राहावी, या कारणासाठी बिल यांनी लेखणी स्वतःकडेच ठेवली. लोइस दुखावल्या. मद्यपीच्या घरच्यांना त्यांचे स्वतःचे असे दुखणे असते, ही गोष्ट तेव्हा खुद्द व्यसनमुक्तीच्या चळवळीलाही पुरती उमगलेली नव्हती.

दोघांचा विवाह १९१८ चा. बिल यांचे पिणे वाढत गेले, १९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात मिळकतही गेली. लोइस दुकानात नोकरी करून घर चालवीत आणि उरलेला जीव नवऱ्याला सुधारण्यात घालीत. डिसेंबर १९३४ मध्ये बिल यांनी दारू कायमची सोडली. आता सुखाचे दिवस यायला हवे होते. पण पुढे एकदा ‘सभेला उशीर होतोय, आवर’ असे बिल सहज म्हणाले आणि लोइस यांनी हाताला लागलेला बूट त्यांच्या दिशेने भिरकावला. सभा गेल्या चुलीत, अशा अर्थाचे काहीतरी त्या ओरडल्याही.

आपल्या या संतापाचे खुद्द लोइस यांनाच नवल वाटले. विचार करताना त्यांना उमगले ते असे: जे काम सतरा वर्षे आपल्याला साधले नाही, ते इतरांच्या सोबतीने झाले. नवऱ्याला नवे मित्र, नवे ध्येय मिळाले. आपल्या हाती मात्र काहीच उरले नाही. आपले सगळे जगणेच त्याच्या दारूभोवती फिरत होते आणि दारू गेल्यावर ते थांबले. पुढच्या सगळ्या इतिहासाची सुरुवात पुस्तकापेक्षा या बुटापासून मोजणे अधिक योग्य ठरेल.

पुरुषांच्या सभा चालत तेव्हा त्यांच्या बायका स्वयंपाकघरात कॉफी करत बसत. तिथेच त्यांचे आपसातले बोलणे सुरू झाले आणि गावोगावी असे छोटे गट आपोआप उभे राहिले. १९५१ साली लोइस यांनी मैत्रीण ॲन बी. यांच्यासह (आडनावाचे आद्याक्षरच लिहायचे, ही चळवळीची रीत) अशा ८७ ठिकाणी पत्रे धाडली. राहत्या घराच्या माडीवरून हा व्यवहार चाले. त्यातून ‘अल-अनॉन’ ही कुटुंबीयांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. मद्यपींच्या बारा पायऱ्या तिने जवळजवळ जशाच्या तशा घेतल्या. बदलला तो बाराव्या पायरीतील एकच शब्द, ‘मद्यपींना’ ऐवजी ‘इतरांना’. दारूपुढे आपण हतबल आहोत ही पहिली पायरी तशीच राहिली. फरक इतकाच, की आता ती न पिणाऱ्या माणसाच्या तोंडी आली. व्यसन तुमच्यामुळे लागलेले नाही, ते तुमच्या ताब्यात नाही आणि ते बरे करणेही तुमच्या हाती नाही, ही तेथील शिकवण. बाटल्या लपवणे, कचेरीत ‘ताप आलाय’ असे खोटे कळवणे, उधाऱ्या फेडणे यातून अंग काढून घ्यायचे, माया मात्र सोडायची नाही.

विद्वानांची समज तेव्हा कुठे होती? १९५३ साली थेल्मा व्हेलन यांनी मद्यपींच्या पत्नींचे चार नमुने मांडले: सोशिक सुझन, हुकमी कॅथरीन, डळमळीत विनिफ्रेड आणि शिक्षा करणारी पॉली. मथितार्थ असा, की अशा स्त्रिया स्वभावगरजेपोटीच असा नवरा निवडतात! पुढच्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ जोन जॅक्सन यांनी सिॲटलमधील अशाच एका पत्नीगटाच्या निरीक्षणावरून निराळे चित्र मांडले. कुटुंब नाकारण्यापासून सावरण्यापर्यंत सात टप्प्यांतून जाते आणि पत्नीचे ‘विचित्र’ वागणे हा त्या संकटाला दिलेला प्रतिसाद असतो, असे त्यांनी दाखवले. कॉफीच्या कपांभोवती बायका जे बोलत होत्या, ते अशा रीतीने शास्त्राच्या पानांवर आले.

१९५७ साली कॅलिफोर्नियात किशोरवयीन मुलांसाठी ‘अलाटीन’ सुरू झाले. महाराष्ट्रात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभारले. तिथल्या पत्नींच्या आधारगटाचे नाव ‘सहचरी’.

अलिप्त राहिल्याने व्यसनी माणूस उपचारांकडे वळतो का? १९९९ साली न्यू मेक्सिकोतील संशोधकांनी १३० नातेवाइकांवर केलेल्या अभ्यासाचे निकाल प्रसिद्ध झाले. अल-अनॉनच्या वाटेने गेलेल्या कुटुंबांतील १३ टक्के मद्यपी उपचारांना आले. सर्वांनी मिळून सामोरे जाण्याच्या पद्धतीत ३० टक्के. आणि शुद्धीवर असताना कौतुक, प्यालेला असताना दुरावा असे वागायला घरच्यांना शिकवणाऱ्या ‘क्राफ्ट’ पद्धतीत ६४ टक्के. अल-अनॉनच्या टीकाकारांना हे आकडे आवडतात. पण मद्यपीला उपचारांना आणणे हा अल-अनॉनचा हेतूच नव्हता. त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष क्वचितच सांगितला जातो: घरच्यांची स्वतःची मनःस्थिती तिन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारली होती.