उकव्याचे मँगनीज आणि विजेची दुचाकी

उकव्याच्या खाणीतील मँगनीज म्हणजे पोलाद-कारखान्यांचे खाद्य, अशी आपल्या जुन्या मंडळींची समजूत आहे, आणि ती बव्हंशी खरी आहे. परंतु या खनिजाचे विद्युत्घटाशी असलेले नाते आपल्या खाणींहूनही जुने आहे. जॉर्ज लक्लांशे या फ्रेंच संशोधकाने १८६६ साली मँगनीज डायऑक्साइड वापरून घट बनविला. घरोघरच्या बॅटरीतील सुके सेल हे त्याचेच वंशज. मध्यप्रांतातील मँगनीजचा शोध घेणारी ब्रिटिश सिंडिकेट त्यानंतर तीस वर्षांनी, १८९६ मध्ये, स्थापन झाली.

शहरात एकट्यादुकट्याने फिरण्याच्या विजेच्या वाहनांचा इतिहास हा खरे तर त्यांच्या घटांचाच इतिहास होय. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात विजेची रिक्षा सिद्ध केली, ती शिशाच्या बॅटरीवर. बंगलोरची छोटी रेवा मोटार २००१ साली बाजारात आली व पुढे लंडनच्या रस्त्यांवरही धावली. प्रारंभी तिच्याही पोटात शिसेच होते. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पाव किलोवॉटहून कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाच्या विजेच्या दुचाकींना नोंदणीतून सूट दिली. नियमांच्या फायलींत आयुष्य गेलेल्या आम्हांस ही सवलत उदार वाटत नाही. पाव किलोवॉट म्हणजे तीन छतपंख्यांची वीज! सवलतीच्या मोहाने कारखानदारांनी अशक्त गाड्या काढल्या आणि विजेची गाडी म्हणजे खेळणे, हा ग्रह लोकांत रुजला. दोघांना घेऊन ती गांगुलपाऱ्याचा घाट चढेल, ही अपेक्षाच व्यर्थ होती.

हा ग्रह पुसला तो लिथियमने. तेवढ्याच वजनात शिशाच्या कित्येक पट ऊर्जा साठविणारे हे घट आले, आणि १९७२ मध्ये जन्मलेल्या चेतक स्कूटरचे विजेवरील रूप जानेवारी २०२० मध्ये पुण्यात विक्रीस आले. एके काळी या स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, हे वाचकांस आठवत असेलच.

या नव्या घटांच्या एका मोठ्या कुळात निकेल व कोबाल्टच्या जोडीला मँगनीज असते. निस्सानच्या २०१० च्या लीफ मोटारीत तर त्याचाच वाटा प्रमुख होता. लोह-फॉस्फेटच्या स्वस्त घटांत मात्र ते मुळीच नसते. त्यामुळे केवळ खाण आहे म्हणून हुरळून जाण्याचे कारण नाही.

१९६२ मध्ये मॉइल ही कंपनी स्थापन झाली, तेव्हा ४९ टक्के वाटा ब्रिटिश कंपनीकडेच राहिला होता. १९७७ साली तोही भारत सरकारने घेतला. कंपनीच्या भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीवर १९९१ पासून विद्युत्प्रक्रियेने मँगनीज डायऑक्साइड बनते, पण ते मुख्यतः सुक्या सेलांसाठी. लिथियम-घटांसाठी अतिशुद्ध मँगनीज सल्फेट लागते आणि जगात ते बहुतांश चीनमध्येच तयार होते. खाणींची मालकी आपल्याकडे येऊन इतकी वर्षे लोटली. आता या सल्फेटचा कारखाना बालाघाट जिल्ह्यात उभा राहावा, अशी मागणी येथील मराठी मंडळींनीही लावून धरावी, असे आम्हांस वाटते.