तुरीची जनुके आणि आकड्यांचे रकाने

कलबुर्गीला तुरीचे कोठार म्हणतात, आणि या कोठाराचा जुना वैरी म्हणजे मर रोग. हिरवेगार झाड ऐन फुलोऱ्यात उभेच्या उभे वाळते. १९८६ साली कर्नाटकात प्रसारित झालेल्या ‘मारुती’ या मर-प्रतिकारक वाणाने येथील शेतकऱ्याला मोठा आधार दिला. तो वाण निवडला गेला पटणचेरूच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेत. हुमनाबादहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरच ही संस्था लागते. पुढे ‘आशा’ या वाणाच्या जनुकीय आराखड्याचा मसुदा २०१२ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त छापून आला आणि २०१७ मध्ये त्याच वाणाच्या ३० ऊतक-नमुन्यांतील जनुकाविष्काराचा कोशही प्रसिद्ध झाला. एका प्रयोगशाळेचे असे आकडे दुसरीच्या उपयोगी कसे पडतात, याचा इतिहास मात्र तुरीपासून बराच दूर सुरू होतो.

मुळातील पेशीत आणि फुलातील पेशीत जनुके तीच असतात. फरक असतो तो कोणते जनुक केव्हा आणि किती काम करते यात. हेच जनुकाविष्करण. १९९५ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मोहरीच्या कुळातील एका रानटी रोपाची ४५ जनुके काचपट्टीवर ठिपक्यांच्या रूपात मांडून त्यांचे काम एकाच वेळी मोजून दाखवले. ठिपका जितका चमकेल तितके जनुक कार्यरत. पाहता पाहता एकेका पट्टीवर हजारो ठिपके मावू लागले.

आकड्यांचा पूर आला आणि अडचण उभी राहिली. चमक मोजण्याची रीत प्रत्येकाची वेगळी, काचपट्टी वेगळी, नमुन्यांची नावे मनाला येतील तशी. महसुली कचेरीत आयुष्य गेलेल्यांना हे चटकन उमजेल. पहाणीपत्रकातील आकडा रकान्याच्या मथळ्यावाचून निरर्थक असतो. तो क्षेत्राचा, आकाराचा की सर्व्हे नंबरचा, हे मथळाच सांगतो.

नोव्हेंबर १९९९ मध्ये केंब्रिजजवळील हिंक्स्टन येथे या विषयाचे अभ्यासक एकत्र जमले. त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळाने डिसेंबर २००१ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’त एक मसुदा प्रसिद्ध केला. अल्विस ब्राझ्मा हे त्याचे प्रथम लेखक. ठिपक्यांच्या प्रयोगाविषयी किमान किती सांगितलेच पाहिजे, एवढाच त्याचा विषय होता: प्रयोगाची रचना, पट्टीवर कोठे काय होते, नमुना कशाचा, प्रक्रिया कोणती, मूळ मोजमापे आणि ती समतल कशी केली. प्रयोग अमुकच पद्धतीने करा, असा हुकूम त्यात नव्हता. माझ्या मते त्याचे यश या मर्यादेतच आहे. २००२ च्या अखेरीपासून ‘नेचर’सारख्या नियतकालिकांनी या माहितीचा आग्रह धरला.

काय सांगायचे हे ठरले, तरी ते कोणत्या साच्यात लिहायचे हे ठरायचे होते. २००२ साली संगणकासाठी ‘मेज-एमएल’ नावाची सर्वसमावेशक खूणभाषा रचली गेली. ती इतकी गुंतागुंतीची निघाली की प्रोग्रामर हाताशी नसलेल्या छोट्या प्रयोगशाळेला पेलेना. २००६ साली ‘मेज-टॅब’ आले: साधे तक्ते, ओळी आणि रकाने. तेच रुळले. नमुना-फॉर्म तयार करणाऱ्याने तो कोण भरणार आहे हे आधी पाहावे, हा अनुभव कचेरीतला आणि प्रयोगशाळेतला एकच.

नियम असूनही तो पाळला गेला का? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ‘नेचर जेनेटिक्स’मधील अशा १८ लेखांचे निष्कर्ष उपलब्ध आकड्यांवरून पुन्हा काढून पाहिले. दोनच पूर्णपणे जुळले, सहा अंशतः, आणि दहा अजिबात नाहीत. मुख्य कारण एकच: आकडे मिळाले नाहीत, किंवा मिळाले ते अपुऱ्या वर्णनासह.

तुरीचा कोश तयार झाला तोवर काचपट्टीचा जमाना ओसरून थेट आर.एन.ए. वाचण्याचे तंत्र आले होते. प्रश्न मात्र जुनेच राहिले. आपल्या सीमाभागात एकाच पिकाला मराठीत तूर, कन्नडात तोगरी, तेलुगूत कंदी म्हणतात. बाजारात त्यावाचून अडत नाही, पण संगणकाला तिन्ही एकच हे कोणीतरी सांगावे लागते. म्हणून वनस्पतींच्या अवयवांसाठी आणि वाढीच्या अवस्थांसाठी नेमक्या संज्ञांचे कोश निघाले. मर रोगावर काम करणाऱ्याला नुसते ‘मूळ’ एवढे पुरत नाही. रोप किती दिवसांचे, वाण कोणता, बुरशीची लागण झालेले की निरोगी, लागणीनंतर मूळ कितव्या दिवशी काढले, हेही हवे. २०२२ साली फरिदाबादला जैविक माहितीचे राष्ट्रीय केंद्र सुरू झाले आहे. भारतीय प्रयोगशाळांना आपले आकडे देशातच ठेवण्याची सोय झाली. नमुन्याचे रकाने मात्र प्रयोग करणाऱ्यानेच भरायचे आहेत.