दुरून येणारी विद्या आणि गावची बैठक



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्राला एक चांगली सवय जडली. ऊन उतरल्यावर एकत्र जमावे, बाहेरून आलेल्या पाहुण्याचे तासभर ऐकावे आणि घरी परतताना वाटेत त्यावर वाद घालावा. पाहुणा दुसऱ्या दिवशी निघून जातो. वाद मात्र गावात राहतो. व्याख्यानाने गावाला काय दिले हे मोजावयाचे असेल, तर ते त्या वाटेवरच्या वादावरूनच मोजले पाहिजे.

आज मी ज्या शिक्षणाविषयी बोलणार आहे, त्यात पाहुणा गावात येतच नाही. शिक्षक मुंबईत किंवा पुण्यात बसलेला, शिकणारा घाटंजीत किंवा उमरखेडात, आणि मध्ये एक पडदा. सूर्यशक्ती, गोबरगॅस, विजेची बचत, बदलते हवामान आणि त्यावरील उपाय या विषयांच्या कार्यशाळा आता अशा दुरून भरतात. पुष्कळांची अशी समजूत आहे की हा प्रकार २०२० सालच्या टाळेबंदीत जन्माला आला. वस्तुतः त्याचा इतिहास निदान सत्तर वर्षांचा आहे, आणि त्या इतिहासात आपल्या जिल्ह्याच्या उपयोगी पडेल असा एक धडा दडलेला आहे.

हा विषय यवतमाळात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याने आपल्याच जिल्ह्याचा नकाशा समोर धरावा. वणीच्या परिसरात जमिनीच्या पोटात दगडी कोळसा आहे. तो काढला जातो, जाळला जातो, त्यातून वीज होते आणि हजारो घरांच्या चुली त्यावर पेटतात. त्याच जिल्ह्यात कोरडवाहू कापूस पिकविणारा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. अमेरिकन शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हवेतील कर्बवायू मोजावयास आरंभ केला, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. कोळसा आणि तेल जाळण्याचा हा हिशेब आहे. हवा तापली की ती अधिक बाष्प धरून ठेवते. त्यामुळे पाऊस दडी मारतो तेव्हा दीर्घकाळ मारतो आणि कोसळतो तेव्हा एकदम कोसळतो. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टरे बोलवावी लागली, हे आपण विसरलेलो नाही. ज्या जिल्ह्याच्या पोटात कोळसा आणि डोक्यावर ऊन आहे, त्याला या विद्येकडे पाठ फिरविता येणार नाही.

आता इतिहासाकडे वळू. कॅनडा देशात १९४१ साली शेतकऱ्यांसाठी नभोवाणीचा एक उपक्रम सुरू झाला. शेजारीपाजारी एका घरी जमत, कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपली मते कळवीत. तीच कल्पना युनेस्कोच्या साहाय्याने हिंदुस्थानात आली, आणि तिचा पहिला मोठा प्रयोग मराठी मुलखात झाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात, त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे एक श्रवणमंडळ स्थापन झाले. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे, एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक कार्यक्रम अर्ध्या तासाचा. तो संपला की रेडिओ बंद करावयाचा आणि बोलावयास लागावयाचे. एक जण चर्चा चालवी, एक जण टिपणे घेई. जे प्रश्न गावात सुटले नाहीत ते केंद्राकडे लिहून पाठवावयाचे, आणि त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

या प्रयोगाचे मोल पुढे झालेल्या परीक्षणात आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली तीन प्रकारची गावे तपासली. पहिल्या प्रकारच्या गावांत रेडिओही होता आणि मंडळही होते. दुसऱ्यांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते. तिसऱ्यांत दोन्ही नव्हते. प्रयोगापूर्वी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारण्यात आले. मंडळाच्या गावांत ज्ञान पुष्कळ वाढले होते. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ते फारच थोडे वाढले. कार्यक्रम तोच, आवाज तोच, आणि फरक एवढाच की एका गावात ऐकून झाल्यावर वीस माणसे बसून राहिली आणि दुसऱ्या गावात उठून गेली. नॉयराथ यांना आणखी एक गोष्ट आढळली. काही ठिकाणी ही मंडळे केवळ चर्चेवर थांबली नाहीत. गावाच्या सामाईक कामांचे निर्णय ती घेऊ लागली.

त्या पाच जिल्ह्यांत यवतमाळ नव्हते, असावयाचे कारणही नव्हते. त्या फेब्रुवारीत आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १९५९ साली ही योजना देशभर लागू झाली आणि मंडळांची संख्या हजारांवर गेली. परंतु पाच जिल्ह्यांच्या प्रयोगात गावोगाव फिरून मंडळे जिवंत ठेवणारे संघटक होते. योजना देशभर गेली तेव्हा ते काम आधीच कामाखाली दबलेल्या माणसांच्या गळ्यात पडले. पेटी बिघडली की दुरुस्त होईना, निमंत्रकाची बदली झाली की बैठक बंद. यंत्र देशभर पोहोचले. माणूस त्या प्रमाणात पोहोचला नाही.

दुसरा टप्पा उपग्रहाचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी दाखविली गेली. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. या प्रयोगातील चित्राचे कौतुक पुष्कळ झाले, पण माझ्या मते त्याचा सर्वांत टिकाऊ भाग शिक्षकांचा होता. प्राथमिक शाळांतील चाळीस हजारांहून अधिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे शिक्षण त्यात दुरून देण्यात आले. आणि तेथे केवळ पडद्यावर भिस्त ठेवलेली नव्हती. चित्राबरोबर नभोवाणीचे पाठ होते, छापील पुस्तिका होत्या, हातांनी करावयाचे प्रयोग होते, आणि प्रत्येक केंद्रावर मार्गदर्शन करणारा एक जण हजर होता. ज्याला आज दूरस्थ कार्यशाळा म्हणतात तिचे सारे अवयव येथे दिसतात.

त्यानंतर १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि घरी राहून शिकणे या महाराष्ट्रात प्रतिष्ठित झाले. तेथेही अभ्यासकेंद्र ठेवावे लागले. पुस्तक घरी येते, परंतु अडले तर विचारावयाचे कोणाला, हा प्रश्न विद्यापीठानेही टाळला नाही.

ऊर्जेच्या शिक्षणात या परंपरेचे ठळक उदाहरण मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आहे. या संस्थेने देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दूरस्थ केंद्रे नेमून, मुंबईतील वर्ग एकाच वेळी हजारो शिक्षकांपर्यंत पोहोचविण्याची पद्धत बसविली. डिसेंबर २०११ मध्ये प्रा. चेतनसिंग सोळंकी यांनी सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करण्याच्या विद्येवर अशीच कार्यशाळा घेतली. व्याख्यान मुंबईहून होई; ते ऐकणारे मात्र आपापल्या केंद्रात एकत्र बसलेले असत, आणि त्यांच्यामध्ये स्थानिक संयोजक असे. पुढे २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्याच संस्थेच्या आवारात पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी सौरदिवे जोडले. जो मुलगा दिवा स्वतः जोडतो, त्याला तो बंद पडल्यावर उघडण्याची भीती वाटत नाही. या शिक्षणाचे अर्धे सार त्यात आहे.

२०२० साली टाळेबंदी आली आणि हे शिक्षण प्रत्येकाच्या खिशात आले. लाभ मोठा झाला. पुण्याच्या तज्ज्ञाला ऐकण्यासाठी झरी-जामणीच्या मुलीला पुण्याला जावे लागत नाही, याला कोणी लहान गोष्ट म्हणू नये. परंतु त्याच क्षणी बैठक मोडली. १९५६ साली एका रेडिओभोवती वीस माणसे होती. आता वीस माणसांच्या हाती वीस मोबाईल आहेत, आणि प्रत्येक जण एकटा ऐकतो. नॉयराथ यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर आपण पहिल्या प्रकारच्या गावातून दुसऱ्या प्रकारच्या गावात येऊन पडलो आहोत.

एकट्याने शिकले तर बिघडते कोठे? याचे उत्तर सौरपंपात सापडते. २०१७ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली, तेव्हा प्रायोगिक कामासाठी राळेगणसिद्धीबरोबर आपल्या जिल्ह्यातील कोळंबी या गावाची निवड झाली. कल्पना सोपी होती. उपकेंद्राजवळ सूर्यापासून वीज करावी आणि ती शेतीच्या वाहिनीवर दिवसा सोडावी, म्हणजे शेतकऱ्याला रात्री अंधारात, विंचूकाट्यात पाणी द्यावयास जावे लागू नये. २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना आली. खर्चाचा दहा टक्के वाटा शेतकऱ्याचा, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के. जमिनीच्या मानाने तीन, पाच किंवा साडेसात अश्वशक्तीचा पंप.

या पंपाचे शिक्षण दुरून उत्तम देता येते. प्लेटा दक्षिणेकडे तोंड करून का बसवाव्या, त्यांवरची धूळ का पुसावी, ढगाळ दिवशी धार बारीक का होते, कंट्रोलरवरचा लाल दिवा काय सांगतो, हे सारे मोबाईलवर पाहून एकट्याला समजते. परंतु एक प्रश्न एकट्याने सुटत नाही. या पंपाला विजेचे बिल नाही. ऊन आहे तोवर तो चालू शकतो. ऊन प्रत्येकाच्या शेतावर स्वतंत्र पडते; जमिनीखालचे पाणी मात्र सर्वांचे एक आहे. माझा पंप दिवसभर चालला तर शेजाऱ्याची विहीर उन्हाळ्यात लवकर तळ गाठील. म्हणजे हवामानाच्या एका दुखण्यावरचा उपाय, विचार न करता वापरला, तर पाण्याचे दुसरे दुखणे ओढवून आणील. कोणी किती उपसावे, कोणते पीक घ्यावे, पाणी ठिबकने द्यावे की पाटाने, हे गावाने बसूनच ठरवावे लागते. यवतमाळसह पंधरा जिल्ह्यांत २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात गावागावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत स्वीकारली गेली, ती याच कारणासाठी. ताळेबंद मुंबईत बसून मांडता येतो. पाळावा लागतो तो गावात.

गोबरगॅसची कथाही हेच सांगते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू करून दिवे लावीत होते. म्हणजे विद्या सव्वाशे वर्षांची आहे. खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर गॅससंयंत्रांचा देशभर प्रसार केला. तरीही अनेक गावांत ती बंद पडलेली दिसतात. शेण-पाण्याचे प्रमाण चुकले, टाकी गंजली, नळी तुंबली, आणि हे ओळखणारा जवळ कोणी नव्हता. बांधण्याचे अनुदान मिळाले. शिकण्याची बैठक मिळाली नाही.

वणीच्या खाणीतील कामगाराचाही प्रश्न याच बैठकीत यावयास हवा. कोळसा कमी करावा असे शास्त्र सांगते, आणि ते खरे आहे. परंतु ज्याचे घर त्या कोळशावर चालते, त्याच्या मुलाने उद्या काय शिकावे, हे दूरच्या वक्त्याने एकट्याने ठरवू नये. ते वणीच्या माणसांसमोर आणि त्यांच्या तोंडून ठरले पाहिजे.

तेव्हा माझे सांगणे थोडके आहे. दूरस्थ कार्यशाळा येऊ द्याव्या. त्या जितक्या येतील तितक्या बऱ्या. परंतु गावाने किंवा वॉर्डाने ती एकत्र पाहावी. ग्रंथालय, शाळा, पंचायतीची खोली, जेथे वीस माणसे बसतील ती जागा पुरे. एक निमंत्रक असावा, आणि त्याच्या श्रमाचे मोल द्यावे. १९५९ नंतरचा अनुभव तेच सांगतो. पाहून झाल्यावर पडदा बंद करावा आणि अर्धा तास बोलावे. स्त्रियांनी पुढे बसावे, कारण चूल आणि पाणी यांचा हिशेब त्यांना अधिक ठाऊक असतो. न सुटलेले प्रश्न लिहून वक्त्याकडे पाठवावे आणि उत्तराचा आग्रह धरावा. एक तरी वस्तू, दिवा असो की पंपाचा कंट्रोलर, सर्वांदेखत उघडून पुन्हा जोडावी.

१९५६ सालच्या त्या दीडशे गावांत वीज फारशी नव्हती, मोबाईल तर नव्हताच, आणि रेडिओची एक पेटी सबंध गावाला पुरत होती. आपल्याजवळ साधने त्यांच्या शतपट आहेत. त्यांच्याजवळ होती ती बैठक आपण पुन्हा घातली, तर दुरून आलेली विद्या येथे मुक्काम करील.