लाउशातले पोकळ मणी

जर्मनीतल्या थुरिंगियाच्या डोंगराळ जंगलात लाउशा हे छोटे गाव आहे. हान्स ग्रायनर आणि क्रिस्टोफ म्युलर या दोन काचकारांना १५९७ मध्ये कोबुर्गच्या ड्यूककडून तिथे काचभट्टी उभारण्याचा परवाना मिळाला आणि त्या भट्टीभोवती गाव वसले. जागा निवडली ती लाकडासाठी. भट्टीचे सरपण जंगलातले आणि वाळू वितळवायला लागणारा क्षारही लाकडाच्याच राखेतला. शेतीजोगी जमीन मात्र थोडी आणि हिवाळा लांबलचक. भट्टीत ज्याला वाटा नाही, त्याने पोट कशावर भरायचे हा प्रश्न गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिला.

त्याचे उत्तर अठराव्या शतकाच्या मध्याला सापडले. मोठ्या भट्टीत काचेच्या नळ्या ओढायच्या, त्या घरी न्यायच्या आणि टेबलावरच्या दिव्याच्या ज्योतीवर मऊ करून त्यांतून मणी फुंकायचे. दिव्यात तेल किंवा चरबी जळे आणि पायाने दाबायच्या भात्याची हवा ज्योतीला धार आणी. दिवा, भाता आणि नळ्यांची जुडी एवढ्या भांडवलावर राहत्या खोलीत कारखाना सुरू होई. असे मणी व्हेनिसमध्ये आधीपासून होत होते. पॅरिसमध्ये तर सतराव्या शतकातच जाकँ नावाच्या जपमाळा करणाऱ्या कारागिराने पोकळ मण्याला आतून एका लहान नदीमाशाच्या खवल्यांचा चकचकीत लेप देऊन वर मेण भरण्याची युक्ती काढली होती. बाहेरून काच, आत खवले, पोटात मेण, आणि दिसायला मोती. लाउशातही हे खोटे मोती घराघरांत होऊ लागले.

मणी बारीक असेतो कारागिराला फारशी अडचण येत नाही. तो मोठा करायला गेले की दोन गोष्टी आडव्या येतात, ज्योत आणि गारवा. तेलाच्या दिव्याची ज्योत लहान आणि बेताच्या आचेची. सुपारीएवढा गोळा तिच्यात सगळीकडून सारखा तापत नाही, आणि जिथे काच कमी मऊ तिथे भिंत जाड राहते. निवताना खरी गोम कळते. काचेचे बाहेरचे अंग आधी निवून घट्ट होते, आतले मागाहून आकसू पाहते, आणि या ओढाताणीचा ताण काचेत कायमचा कोंडला जातो. असा मणी कधी हातातच तडकतो, कधी महिनाभर धडधाकट राहून एखाद्या रात्री आपोआप फुटतो. त्यावरचा उपाय म्हणजे अनुशीतन. साध्या सोडा-चुन्याच्या काचेची वस्तू साधारण ५१० ते ५५० अंश सेल्सिअसवर काही काळ ठेवायची, म्हणजे आतले कण सरकून ताण विरतो. मग हळूहळू तापमान उतरवायचे आणि निदान ४५० अंशांच्या खाली जाईपर्यंत घाई करायची नाही. निवण्याचा वेग तोच ठेवला तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भिंत दुप्पट जाड म्हणजे ताण चौपट.

मोठ्या भट्टीशेजारी मंद आचेची वेगळी खोली असते आणि माल तिच्यात तासन्‌तास निवतो. घरच्या टेबलाशेजारी ती कुठून येणार? म्हणून घरकाम करणाऱ्याने वस्तूच अशी करायची, की तिला त्या खोलीची गरज लागू नये. कागदासारखी पातळ आणि सगळीकडे सारखी भिंत हवेत निवली तरी आतबाहेर फरक पडायला जाडीच नसते. लाउशाच्या पातळ फुग्यांचे आज नाजूक कलाकुसर म्हणून कौतुक होते. त्यात कला आहेच, पण भट्टी नसलेल्या घराची सोयही तितकीच आहे. याच गावात १८३५ पासून लुडविग म्युलर-उरी याने काचेचे कृत्रिम डोळे करायला सुरुवात केली. ते जाड असल्यामुळे गरम केलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवून निववावे लागत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बोहेमियातल्या स्वस्त मण्यांनी लाउशाचा बाजार खाल्ला. मणीवाले मग मोठ्या गोळ्यांकडे वळले. गरीब काचकाराला नाताळच्या झाडावर टांगायला खरी सफरचंदे आणि अक्रोड परवडेनात, म्हणून त्याने ती काचेची फुंकली, अशी गोड कथा सांगतात. तिच्यापेक्षा एका कारागिराच्या वहीतली १८४८ सालची नोंद अधिक भरवशाची: वेगवेगळ्या आकारांचे नाताळचे गोळे, सहा डझन. सुरुवातीचे गोळे जाड, आतून शिशाचा मुलामा दिलेले आणि इतके जड, की फरच्या फांद्या वाकत. १८६७ मध्ये गावात गॅसचा कारखाना निघाला आणि गणित बदलले. गॅसची ज्योत मोठी, तापट आणि हवी तशी कमीजास्त करता येणारी. आता मोठा गोळाही एकसारखा तापवून पातळ फुंकता येऊ लागला.

काम सगळ्या घराचे असे. बाप लांब नळी तापवून ओढे आणि तिचे तुकडे करी, मध्ये जाडसर पोट आणि बाजूला काडीसारखी बारीक दांडी. मग दांडी बोटांत सतत फिरवत पोट ज्योतीत लालसर होऊ द्यायचे, ज्योतीबाहेर काढायचे आणि फुंकायचे. फिरवणे क्षणभर थांबले तरी मऊ काच एका बाजूला ओघळते. आई दांडीतून सिल्व्हर नायट्रेट, अमोनिया आणि साखरेचे द्रावण आत सोडून गोळा कोमट पाण्यात धरून हलवी. बघता बघता आतून आरसा चढे. ही चांदी १८७० च्या सुमारास शिशाच्या जागी आली. तिच्या मुळाशी युस्टुस फॉन लीबिग या रसायनशास्त्रज्ञाचे संशोधन होते. रंगात बुडवलेले गोळे खिळे ठोकलेल्या फळीवर उलटे वाळत. शेवटी मुले दांडी कापून धातूचे टोपण बसवत. भरलेली मोठी करंडी पाठीवर घेऊन बायका डोंगर उतरून झोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे जात. रेल्वे आली ती १८८६ मध्ये. भाव व्यापारीच ठरवत, आणि हंगामात घर मध्यरात्रीपर्यंत दिव्यापाशी बसे. पोरांनी टोपणे बसवण्याच्या आठवणी आज हौशीने सांगितल्या जातात. ती बालमजुरी होती हेही खरे.

अमेरिकी दुकानदार एफ. डब्ल्यू. वुलवर्थ याने १८८० च्या सुमारास जेमतेम २५ डॉलरचा असा माल नाखुशीनेच घेतला होता. तो हातोहात संपला आणि पुढे त्याच्या दुकानांतून लाउशाचे गोळे प्रचंड संख्येने खपले. दुसऱ्या महायुद्धात हा व्यापार तुटला. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने विजेच्या दिव्यांचे फुगे करणाऱ्या यंत्रावरच नाताळचे गोळे काढायला सुरुवात केली. युद्धानंतर लाउशा पूर्व जर्मनीत गेले आणि बरेचसे काम सरकारी कारखान्यांत आले. १९९० नंतर ते पुन्हा लहान कौटुंबिक कार्यशाळांत परतले.

मण्यांचे मूळ काम बोहेमियात टिकले. चेक प्रजासत्ताकातल्या पोनिक्ला गावात तापवलेली नळी पितळी साच्यात धरून फुंकतात, तेव्हा एकाच फुंकरीत मण्यांची सलग माळ तयार होते. तिला आतून चांदी देऊन, रंगवून, मग कापून मणी सुटे करतात आणि तारेत ओवून नाताळच्या चांदण्या, गाड्या, कोळी बनवतात. २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत या कामाची नोंद झाली.

घरी मणी करणाऱ्यांकडे आज प्रोपेन-ऑक्सिजनची ज्योत आणि तापमान आपोआप सांभाळणारी छोटी विजेची भट्टी असते. त्यामुळे अंड्याएवढा, जाड भिंतीचा मणीही घरात करता येतो. फुंकून झालेला मणी तापलेल्या भट्टीत ठेवतात आणि रात्रभर निवू देतात. गरम राखेत किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये पुरून ठेवले तर निवणे थोडे मंदावते, पण ताण पुरता जात नाही, म्हणून मोठ्या मण्यांसाठी ते पुरेसे धरत नाहीत. ताण राहिला का, हे ध्रुवण करणाऱ्या दोन काचांच्या मधे मणी धरून पाहतात. भोकाजवळ किंवा जाड बुडाशी रंगीत पट्टे चमकले, तर मणी पुन्हा भट्टीत जातो.