संगीत-परवाना आणि मालिकांचे घरगुती प्रकाशन

मालिकेतील गाण्यावर रचनेचा (शब्द व चाल) आणि ध्वनिमुद्रणाचा असे वेगवेगळे हक्क असतात. केवळ प्रक्षेपणापुरता घेतलेला परवाना डीव्हीडीला पुरत नसल्याने पुष्कळदा गाणी बदलली जातात, आणि ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ या अमेरिकी मालिकेच्या २००७ मधील संचात तसे होऊन मूळ प्रसंगांचा रंगच उतरला. भारतात प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ३१-घ नुसार प्रक्षेपकांना वैधानिक परवाना, म्हणजे हक्कधारकाच्या संमतीवाचून ठरीव शुल्कात वापराची मुभा मिळते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती इंटरनेटवरील संगीतसेवांना नाकारली. पेणचा गणेशोत्सव वा रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी यांतील धार्मिक विधीत वाजलेले गाणे कलम ५२ मुळे उल्लंघन ठरत नाही; मात्र त्याच सोहळ्याचे चित्रीकरण हक्काधीन गाण्यासह विक्रीस काढायचे तर परवाना घ्यावाच लागतो.